मागच्या खोलीची हवा

धुळ्याच्या एका कॉलेजात मी सूक्ष्मजीवशास्त्राची प्रात्यक्षिकं घेते. पहिल्या वर्षाच्या मुलामुलींना दरवर्षी सुरुवातीला एकच प्रयोग देते. काचेच्या उथळ प्लेटमध्ये जंतूंचं खाद्य, म्हणजे पोषक अगार ओतायचं, ते खरवसासारखं थिजलं की प्लेट वर्गात, जिन्यात, कॅन्टीनमध्ये उघडी ठेवायची. वीस मिनिटांनी झाकण लावायचं आणि चार-पाच दिवस वाट बघायची. ज्या हवेत डोळ्यांना काहीच दिसत नाही, तिच्यातून काय काय खाली बसलं ते ठिपक्याठिपक्यांनी उगवून येतं. मुली ‘ई’ करतात, मुलं फोटो काढतात. मी म्हणते, घाबरू नका, हे सगळीकडेच असतं, आपण यातच राहतो.

हे वाक्य मी इतकी वर्षं म्हणत आले की माझ्या सख्ख्या बहिणीलाही तेच सांगितलं.

बहीण माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. मी तिला अक्का म्हणायचे. आई-वडील गेल्यावर माझं माहेर म्हणजे जळगावचं तिचं घर. दाजी बांधकामाची कंत्राटं घेतात. बंगले, रो-हाउस, दुकानांचे गाळे. स्वतःचं घर त्यांनी हौसेनं बांधलं होतं. घर बांधायला काढलेलं कोणी आलं की दाजी आधी त्याला आपल्या घरी आणायचे, चहा पाजायचे आणि जिन्याचा कठडा, हॉलचं छत, देवघराची संगमरवरी चौकट दाखवायचे. अक्का चहा घेऊन आली की म्हणायचे, “विचारा यांना, एक तडा तरी गेलाय का कुठं.” अक्का हसायची. तडा गेलेला नव्हताच.

ओल होती. खालच्या मजल्यावरची मागची खोली अक्का आणि दाजींची. तिच्या बरोबर वर पाहुण्यांसाठीचं न्हाणीघर. त्याच्या खालचा कोबा कुठंतरी नीट बसला नसावा. शेजाऱ्यानं आपली भिंत हातभर अंतरावर आणून उभी केल्यामुळे त्या खोलीची एकुलती एक खिडकी नावापुरती उरली होती. ऊन नाही, वारा नाही. घर बांधून झाल्यावर तिसऱ्या पावसाळ्यात पलंगाच्या डोक्याशी भिंतीवर राखाडी ठिपके उठले. अक्कानं मला फोन केला.

“तुझं शिक्षण यातलंच ना गं? हे काय असतं?”

“बुरशी असते. सगळीकडे असते. कोरड्या फडक्यानं घासून काढ आणि रंग दे.”

कोरड्या फडक्यानं. एवढा चुकीचा सल्ला मी तोंडी परीक्षेत ऐकला असता तर मुलीला शून्य दिलं असतं. कोरडी बुरशी घासली की तिचे बीजाणू खोलीभर उडतात, तासन्‌तास तरंगतात आणि घासणाऱ्याच्या छातीत जाऊन बसतात. पण त्या वेळी माझ्या पेपर तपासण्या चालू होत्या आणि मला फोन ठेवायचा होता. अक्का मात्र सांगितलेलं मन लावून करणारी. दर पंधरा दिवसांनी ती भिंत घासायची. रंग दर दिवाळीला दिला जायचा. उन्हाळ्यात जळगावचं ऊन भट्टीसारखं, म्हणून दारात कूलर लागायचा. त्याचं गवत मार्चपासून जूनपर्यंत ओलंच, आणि खिडकी घट्ट बंद.

खोकला कधी सुरू झाला ते नेमकं कोणालाच आठवत नाही. मला तो पहिल्यांदा नीट ऐकू आला भाचीच्या बारावीच्या निकालाच्या दिवशी. पेढे वाटता वाटता अक्का मध्येच भिंतीला टेकली आणि कोरडं, संपतच नाही असं खोकत राहिली. भाची नंतर फार्मसीला शिरपूरला गेली आणि होस्टेलवर राहू लागली. घरात उरली तीन माणसं. दाजी दिवसभर साइटवर. अक्काच्या सासूबाई समोरच्या हवेशीर खोलीत. अक्का स्वयंपाकघर आणि मागची खोली यांच्यामध्ये.

वर्षभरात अक्काचं वजन उतरलं. संध्याकाळी कणकण यायची. जिना चढताना ती मधल्या पायरीवर बसायची. मी विचारलं की सासूबाईच उत्तर द्यायच्या. त्या भडगावकडच्या, बोलणं अजून पक्कं गावाकडचं.

“तुनी बहीण नाजूक शे, दुसरं काय. आमना घरमा कोनलेच असा खोकला नई.”

करोना सरून फार दिवस झाले नव्हते. कोणी खोकलं की लोक दचकून मागे सरकायचे. दाजींनी तिला ओळखीच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी फोटो काढला, फुफ्फुसावर डाग दिसला, आणि टीबीचा कोर्स सुरू केला. बेडका तपासला होता, त्यात काहीही सापडलं नव्हतं. दुसऱ्यांदा तपासला, तेव्हाही नाही. डॉक्टर म्हणाले, कधी कधी सापडत नाही. ते खरंही आहे. कधी कधी सापडत नाही. मी रिपोर्ट वाचले आणि गप्प राहिले. डॉक्टरांपुढे प्रात्यक्षिकं घेणाऱ्या बाईनं काय बोलायचं, असं मला वाटलं.

मग घरात झालं ते असं. अक्काचं ताट, वाटी, तांब्या वेगळा झाला. स्वयंपाकाला बाई ठेवली. दाजी वरच्या खोलीत झोपू लागले. आणि इतरांना लागू नये म्हणून अक्काला मागच्या खोलीत ठेवण्यात आलं. दार बंद करून. जी खोली तिला आजारी पाडत होती, तिथंच ती आता रात्रीबरोबर दिवसही काढू लागली. मी गेले की सासूबाई म्हणायच्या, “दारमातूनच बोल.” मी आत जायचे. अक्का पलंगावर बसलेली असायची, डोक्यामागं नवा रंग, रंगातून परत वर आलेले ठिपके.

“तू जवळ नको बसूस,” ती म्हणायची. “तुला मुलांमध्ये वावरायचं असतं.”

सहा महिने गोळ्या झाल्या, डॉक्टरांनी त्या पुढेही चालू ठेवल्या. उलट्या, पिवळे डोळे, सांधे धरणं, सगळं झालं. खोकला तेवढाच. तेव्हा मी हट्ट धरला आणि तिला हवापालटासाठी धुळ्याला आणलं. दाजी फार अडले नाहीत. मला वाटतं त्यांना सुटल्यासारखंच झालं.

देवपुरात माझं दोन खोल्यांचं भाड्याचं घर. जुनं, पत्र्याची पडवी असलेलं, पण चारी बाजूंनी वारा. पहिले चार दिवस अक्का नुसती झोपली. आठव्या दिवशी सकाळी मी उठले तर ती ओट्याशी उभी राहून ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी थापत होती. मी ओरडले. ती म्हणाली, “अगं, मला भूक लागली.” तिसऱ्या आठवड्यात आम्ही पांझरेच्या पुलापर्यंत चालत गेलो आणि परत आलो. वाटेत ती एकदाही बसली नाही. एका हातगाडीवर आम्ही पेरू घेतले, आणि ती मला लहानपणी वडील पेरू कसे चार सारख्या फोडी करून द्यायचे ते सांगत होती. सलग बोलत होती. मध्ये खोकला नव्हता. ते तीन आठवडे मी कोणालाही देणार नाही.

खरं तर तिथंच मला कळायला हवं होतं. गोळ्या त्याच होत्या, माणूस तेच होतं, बदललं होतं ते फक्त घर. पण मी विश्रांतीला आणि पेरूंना श्रेय दिलं.

सासूबाई न्हाणीत घसरल्या आणि दाजींचा फोन आला. घरात बाई माणूस हवं. अक्का दुसऱ्या दिवशीच्या एसटीनं गेली. पोचल्यावर फोन केला, आवाज ठणठणीत. पुढच्या दिवशीचा फोन भाचीचा, ती सुट्टीला घरी आली होती. “मावशी, आईला परत हुडहुडी भरून ताप आलाय. श्वास लागतोय. काल रात्री त्या खोलीत झोपली आणि सकाळपासून असं.”

त्या खोलीत. भाचीनं सहज म्हटलेले हे दोन शब्द मी घरात येरझाऱ्या घालत दहा वेळा तोंडातल्या तोंडात म्हटले.

पुढच्या शनिवारी मी पिशवीत प्लेटा घेऊन पारोळा, एरंडोल करत जळगावला गेले. अक्काला विचारून हॉलमध्ये, स्वयंपाकघरात, भाचीच्या खोलीत आणि मागच्या खोलीत एकेक प्लेट वीस मिनिटं उघडी ठेवली. तुलनेसाठी एक माझ्या घरीही ठेवली. पाच दिवसांनी बघितलं. माझ्या घरच्या प्लेटवर सहा-सात ठिपके. जळगावच्या तीन प्लेटांवर थोडे कमी-जास्त तसेच. मागच्या खोलीच्या प्लेटवर मोजायला जागाच नव्हती. काठापासून काठापर्यंत राखी-हिरवी मखमल, मधे काळे डाग, एकमेकांवर चढलेले.

आमच्या विभागप्रमुखांना मी ती प्लेट दाखवली. ते निवृत्तीला आलेले, मोजकं बोलणारे. त्यांनी प्लेट उजेडात धरली.

“याच्यानं काही सिद्ध होत नाही,” ते म्हणाले. “पण त्या खोलीत मी झोपणार नाही.”

प्लेटा टेपनं घट्ट बंद करून मी परत जळगावला नेल्या. रविवारची सकाळ होती. दाजी हॉलमध्ये पेपर वाचत होते. मी त्या ओळीनं टीपॉयवर मांडल्या आणि कोणती कुठली ते सांगितलं. त्यांनी शेवटची बराच वेळ बघितली. मग म्हणाले, “हे तू माझ्या घरातून नेलंस? न विचारता?”

“अक्काला विचारलं होतं.”

ते वळून अक्काकडे बघू लागले. अक्का जमिनीकडे बघत होती.

“दाजी, तिला टीबी नसावा. दोनदा काही सापडलं नाही. धुळ्याला ती बरी होती. ही भिंत आहे. वरचं न्हाणीघर गळतंय. ते फोडून नीट करा, तोवर तिला समोरच्या खोलीत झोपवा.”

“मी आख्ख्या गावाला घरं बांधून देतो,” दाजी अगदी हळू आवाजात म्हणाले, “आणि तू मला माझ्याच घरात गळती दाखवतेस? उद्या हे बाहेर गेलं तर माझ्याकडे कोण येईल?”

“बाहेर कोण नेणार आहे?”

“मग झालं तर. खोलीचं काय करायचं ते मी करतो.”

निघताना मी अक्काला म्हटलं, चल माझ्याबरोबर, आत्ता. ती दारापर्यंत आली. “लोक म्हणतील, टीबी झाला म्हणून टाकली. पोरीचं लग्न व्हायचंय गं.” मी तिचा हात धरून ओढला नाही. धरला असता तर ती आली असती असं मला अजून वाटतं.

दाजींनी शब्द पाळला. पंधरा दिवसांत त्या भिंतींवर खालपासून वरपर्यंत पांढरीशुभ्र पीव्हीसी पॅनेल बसली, संगमरवरासारख्या करड्या रेघांची. छताला नवीन दिवे. खोली हॉटेलसारखी दिसू लागली. सासूबाईंनी शेजारणींना बोलावून दाखवली. वरचं न्हाणीघर तसंच राहिलं. पॅनेलच्या मागं, अंधारात, पाणी मुरत राहिलं. फटींमधून येणारा कुबट वास लपवायला खोलीत मोगऱ्याचा स्प्रे ठेवला होता. त्या वासानं अक्काला आणखी खोकला यायचा.

अखेर भाचीच चिडली. ती शिरपूरहून आली, आईला गाडीत घातलं आणि नाशिकला छातीच्या मोठ्या डॉक्टरांकडे नेलं. मी धुळ्याला गाडीत बसले. ते डॉक्टर तरुण होते. रिपोर्टांची फाइल बाजूला ठेवून त्यांनी आधी अक्कालाच विचारलं, “घरात कबुतरं येतात का? कूलर आहे? तुम्ही झोपता त्या खोलीला ओल आहे का?”

इतक्या दिवसांत घराबद्दल विचारणारा हा पहिला माणूस. मला तिथं रडू आलं. अक्का माझ्याकडे बघून म्हणाली, “अगं, आहे म्हणून सांग ना.”

स्कॅन झालं, आणखी तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी समजावून सांगितलं. बुरशीचे कण वर्षानुवर्षं आत जात राहिले, फुफ्फुसं त्यांच्याविरुद्ध लढत सुजत राहिली, आणि आता जागोजागी चामड्यासारखी कडक झालीत. कडक झालेला भाग परत मऊ होत नाही. लवकर घर बदललं असतं तर गोष्ट वेगळी होती. हे शेवटचं ते माझ्याकडे बघून म्हणाले नाहीत, सहज म्हणाले. मला मात्र ते माझ्यासाठीच वाटलं. चिठ्ठीवर औषधांच्या आधी त्यांनी लिहिलं: राहती खोली ताबडतोब बदलणे.

दाजींनी चिठ्ठी वाचली, घडी घालून खिशात ठेवली. अक्काला समोरच्या खोलीत आणलं. तिथं ती चौदा महिने जगली, शेवटचे पाच महिने नाकाला ऑक्सिजनची नळी लावून. सासूबाईच तिच्या उशाशी बसायच्या आणि मशीनचं पाणी बदलायच्या. एकदा मला म्हणाल्या, “इतला दिन मी तिले दारना बाहेरून बोलनू. माले काय माहीत व्हतं?” त्यांना खरंच माहीत नव्हतं. मला होतं.

अक्का गेली तेव्हा भेटायला येणारी माणसं हॉलमध्ये बसून कुजबुजत होती, टीबीनं गेली बिचारी. दाजी ऐकत होते. त्यांनी कोणालाही दुरुस्त केलं नाही. टीबीनं माणूस गेलं तर तो देवाचा कोप. भिंतीनं गेलं तर भिंत कोणी बांधली हा प्रश्न येतो.

वर्ष सरलं. भाचीला नोकरी लागली, अमळनेरचं एक चांगलं स्थळ चालून आलं. मग त्यांच्याकडून निरोप आला की मुलीच्या आईला टीबी होता असं कळलं, जरा थांबू. त्या आठवड्यात दाजी पहिल्यांदा माझ्या धुळ्याच्या घरी आले. खुर्चीत अवघडून बसले.

“तू म्हणाली होतीस ना, टीबी नव्हता म्हणून. तेवढं त्यांना येऊन सांग. नाशिकची फाइल आहे तुझ्याकडे. तुझं ऐकतील, तू शिकलेली आहेस.”

“आणि मग कशानं गेली म्हणून सांगू?”

ते खिडकीबाहेर बघत राहिले. “जे आहे ते सांग,” शेवटी म्हणाले.

मी गेले, कारण प्रश्न भाचीचा होता. अमळनेरची माणसं जळगावला आली होती. त्यांच्यासमोर फाइल उघडून मी सगळं सांगितलं. बेडक्याचे रिपोर्ट, ओल, बुरशी, स्कॅन. दाजी मान खाली घालून म्हणाले, “बांधकामात माझी चूक झाली.” एवढ्या वर्षांत हे वाक्य मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं, आणि ते ऐकायला अक्का नव्हती. पाहुण्यांचं समाधान झालं. नवऱ्या मुलाचे काका भले गृहस्थ. उठता उठता त्यांनी विचारलं, “मग आता ती खोली बंद ठेवलीय का?”

“नाही,” दाजी म्हणाले, “कॉलेजच्या दोन मुली राहतात. वेगळं दार काढून दिलंय त्यांना.”

त्यांच्या आवाजात कसलाही बदल नव्हता. माझ्या आणि भाचीच्या लक्षात एकदमच आलं. भाची नोकरीच्या गावी राहत होती, तिलाही ठाऊक नव्हतं. पाहुणे गाडीत बसेपर्यंत ती थांबली. मग आम्ही दोघी मागच्या बाजूला गेलो. एक मुलगी दारात बसून नोट्स लिहीत होती. यावलची होती. आम्ही तिला सांगितलं तेव्हा ती आधी हसली, तिला वाटलं आम्ही खोली रिकामी करून घ्यायला काही सांगतोय. भाचीनं आत जाऊन पलंगामागचं एक पॅनेल दोन्ही हातांनी उचकटलं. त्याची मागची बाजू काळी, केसाळ होती. मुलगी उठून उभी राहिली. तिच्या खोलीतली मैत्रीण, म्हणे, गेल्या महिन्यापासून खोकतेय.

मुली त्याच आठवड्यात गेल्या. भाचीनं खोलीला स्वतःचं कुलूप लावलं. दाजी त्यावर तिच्याशी काही बोलले नाहीत, माझ्याशी आजही बोलत नाहीत. लग्न ठरलंय.

परवा भाचीचा फोन आला होता. इकडचं तिकडचं झालं, मग ती म्हणाली, “मावशी, एक विचारू? त्या रविवारी तू प्लेटा घेऊन आलीस, तेव्हा तुझी खात्री होती ना?”

“होती.”

“मग आईला उचलून का नाही नेलंस?”

“भीती वाटली गं. तिचा संसार मोडेल म्हणून.”

“संसार काही मोडला नाही,” ती म्हणाली. “आई तेवढी गेली.”

मग तिनं मानपानाच्या साड्या धुळ्यातच घ्यायच्या की जळगावला, असं विचारलं. मी म्हटलं, धुळ्यातच घेऊ. रविवारी ये.